सातपूरच्या शेडमधला मुका संगणक

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सातपूरमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, एका रविवारी सकाळी, संगणकाने कोणत्या मार्गाने आवाज करावा याचा अखेरचा निवाडा करण्यात आला. म्हणजे झाला नाहीच. पण मी साक्षीला होतो.

शेड माझ्या मेहुण्याची. तिथे यंत्रांत बसणाऱ्या धातूच्या नळकांड्या, म्हणजे बुश, बनतात. एक मावशी प्रत्येक बुश मापयंत्रात धरून तपासायच्या. माप चुकलं की संगणक बीप करायचा आणि मावशी तो बुश लाल ट्रेमध्ये टाकायच्या. नजर हातावर, कान संगणकाकडे. वर बघायचं कारणच नव्हतं.

मग आमच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, मंडळाने मेहुण्याला पटवलं, मालकीचं विंडोज सोड, मुक्त लिनक्स घे. मापाचा प्रोग्रॅम विंडोजचा, पण असे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवून देणारं एक सॉफ्टवेअर आहे आणि मंडळातले दोघे, एक दाढीवाले आणि एक चष्मेवाले, हौसेने त्याचा कोड लिहितात. प्रोग्रॅम झकास चालला. फक्त मुका झाला. आता मावशींना दर बुशामागे मान वर करून पडद्यावरचा ठिपका बघावा लागे. लवकरच मानेला दुखण्याचा पट्टा आला.

"भाऊ, मान अशीच राह्यली तर मला काम सोडावं लागंल," त्या मला म्हणाल्या.

म्हणून रविवारी शेडमध्येच मंडळाची बैठक. मावशी ओव्हरटाइमला होत्याच.

"जुन्या ध्वनिप्रणालीशी थेट बोला, विषय संपला," दाढीवाले म्हणाले.

"थेट? एक प्रोग्रॅम साउंड कार्ड अडवून बसला की बाकीच्यांनी काय, मौन पाळायचं?" चष्मेवाले उसळले. "नव्या ध्वनिप्रणालीलाच आधार द्या. जुनं काढून टाका."

"काढून टाका? माझा कोड आहे तो!"

"म्हणूनच!"

खरं सांगतो, इथवर मी मांडी ठोकून मजा घेत होतो. मग मेहुणा म्हणाला, "अहो, काहीही लावा, पण आज बीप वाजवा."

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो चपला घालून देवघरात शिरला होता. "तात्पुरते उपाय?" चष्मेवाल्यांनी नाक मुरडलं. "त्यानेच चळवळ बुडाली!"

पोह्यांच्या प्लेटा आल्या, गेल्या, परत आल्या. दोन्ही प्रणालींना जोडणारा मधला थर लिहायचं ठरलं. तो सांभाळणार कोण, यावरून पुन्हा जुंपली. दाढीवाल्यांनी तेलकट बोटं मावशींच्या कामाच्या फडक्याला पुसली. त्यांच्या पाठीमागे मावशींची मान वर, खाली, वर, खाली. एकानेही वळून पाहिलं नाही. नाही, चुकलो. चष्मेवाले वळले एकदा.

"मावशी, बुश जरा हळू टाका ना. चर्चा ऐकू येत नाहीये."

मेहुणा उठला आणि शेजारच्या गाळ्यातला विंडोजवाला संगणक वायरींसकट कडेवर घेऊन आला. पेनड्राइव्हवरून प्रोग्रॅम टाकला, मापयंत्र जोडलं. मावशींनी बुश धरला.

बीप!

मावशींनी वर पाहिलंच नाही. बुश लाल ट्रेमध्ये टाकला, पुढचा उचलला. "हां, आता कसं," त्या पुटपुटल्या.

दाढीवाले आणि चष्मेवाले यांनी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांकडे सहमतीने पाहिलं. दोघे एकदमच उठले, आणि दाढीवाले पोह्यांनी भरल्या तोंडाने ओरडले, "बंद करा तो बीप! तो मुक्त नाहीये!"