मधाच्या रंगाचं डिझेल

आमच्या मागच्या अंगणात भिंतीला एक दणकट खिळा आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीखंडासाठी मी त्याला दही बांधून टांगते. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस तो खिळा यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. त्याला माझ्या जुन्या सुती साडीची काळीकुट्ट पुरचुंडी लटकते आणि तिच्यातून गाड्यांचं जळकं इंजिन ऑइल थेंब थेंब खालच्या कॅनमध्ये गळतं. देवास गेटजवळचा मेकॅनिक ते यांना आनंदाने देतो. हे ते गाळतात, त्यात थोडं डिझेल मिसळतात आणि गाडीत ओततात.

हे वीज खात्यात होते. जन्म ट्रान्सफॉर्मरच्या संगतीत गेला. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने हे घरात बसले. ज्या बायकांचे नवरे निवृत्त झालेत त्यांना यापुढे काही सांगायला नको. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या आल्या: हळद, तिखट, धणेपूड. जणू इतकी वर्षं मी अंदाजपंचे स्वयंपाक करत होते. कुकरची शिट्टी झाली की हे बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "तिसरी!" एक दिवस ओट्याशी उभं राहून यांनी मला मोहरी कधी तडतडते ते समजावून सांगितलं. मी झारा ओट्यावर आपटला आणि म्हटलं, "देवा, या माणसाला काहीतरी काम दे."

देवाने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक गृहस्थ जळकं ऑइल कापडातून गाळून जीप पळवत होते. आमच्या दारातही एक म्हातारी डिझेल गाडी उभी होतीच. दुसऱ्याच दिवशी यांनी माझं श्रीखंडाचं फडकं मागितलं. ते मी दिलं नाही, साडी दिली. हे दिवसभर अंगणात राहू लागले आणि मला माझं स्वयंपाकघर परत मिळालं. अंगणाला गॅरेजचा वास यायला लागला, पण तेवढं मी सोसलं.

मग यांनी ते खरोखरच गाडीत घातलं. फ्रीगंजच्या बाजारात, भर टावर चौकात, गाडीने असा धूर सोडला की पानीपताशे, म्हणजे आपली पाणीपुरी, विकणाऱ्याने ठेल्यावर कापड ओढलं. गाडी दोनदा खोकली आणि बसली. धक्का मारून ती घरी आली, आणि बातमी पुण्याच्या मुलापर्यंत गेली.

"बाबा, भंगारात द्या ती," तो फोनवर म्हणाला.

"एक चान्स दे," हे म्हणाले. "दिवाळीला येशील तेव्हा माझ्या डिझेलवर इंदूरला जाऊन येऊ. वाटेत बंद पडली तर तूच विकून टाक."

मुलाने लगेच कबूल केलं. गाडी त्याची नव्हती, स्वयंपाकघरही त्याचं नव्हतं. गाडी गेली की ऑइल गाळायला कारण उरत नाही, आणि मग हा माणूस परत माझ्या ओट्याशी, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून मी लबाडी केली. दिवाळीच्या आठवड्यात हे दुपारचे घोरत असताना मी दहा लिटरचा गाळलेला कॅन स्कूटीवर पायांशी ठेवला आणि नानाखेड्याकडे निघाले. तिथे एका घराचं बांधकाम चालू होतं. काँक्रीट चिकटू नये म्हणून स्लॅबच्या साच्याच्या पाट्यांना लावायला तिथल्या मिस्त्रीला जळकं ऑइल लागतंच. "माताजी, और लाना," तो म्हणाला. मग त्याच कॅनमध्ये पंपावरून डिझेल भरून घेतलं. तळाशी उरलेल्या काळ्यामुळे त्याला सुंदर रंग आला.

संध्याकाळी यांनी ते काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिले.

"बघितलंस? पाच वेळा गाळलं. एकदम मधासारखं झालं ना!"

"झालं की हो," मी म्हटलं आणि हसू लपवायला कोथिंबीर निवडायला बसले. एवढा शिकलेला माणूस, आणि स्वतःच्या कौतुकात किती भोळा!

गाडी इंदूरला गेली आणि आली. मुलगा जाताना हाताची घडी घालून बसला होता, येताना झोपला. फाटकाशी उतरल्यावर म्हणाला, "मानलं, बाबा." मला खरंच आनंद झाला, लबाडीचा होता तरी.

याला दोन वर्षं झाली. दर काही दिवसांनी हे गाळतात, दुपारी झोपतात, आणि मी कॅन घेऊन निघते. संक्रांतीला इथल्या मराठी मंडळींच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात यांनी या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

यंदा माझा उजवा खांदा आखडला. पाडव्याचं दही टांगायला हात वर जाईना, तेव्हा यांनीच टांगलं. त्यानंतर एका दुपारी, हे झोपलेत असं समजून, मी अंगणात गेले, तर नेहमीचा कॅन जागेवर नव्हता. तिथे पाच-पाच लिटरचे दोन नवे कॅन भरून, झाकणं घट्ट लावून ठेवले होते. मागे हे उभे, हातात चहाचे दोन कप.

"दहाचा तुला जड होतो," हे म्हणाले. "एका वेळी एकच नेत जा."

मी एक कप हातात घेतला. विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. अगं, जळकं ऑइल साडीतून गाळून पिवळं होतं का कधी? जन्मभर ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासलंय मी."

"मग दोन वर्षं गाळत कशाला बसलात?"

यांनी चहावर फुंकर मारली. "नाही तर घरात बसलो असतो ना. तुझा झारा लक्षात आहे मला."

मला आधी राग आला. भर उन्हात कॅन मी वाहिले, टाळ्या मी वाजवल्या, आणि वर भोळी ठरले ती मीच. मग फार वाईट वाटलं. या माणसाला घराबाहेर ठेवायला मी एवढा खटाटोप केला, आणि हा मला हवा तेवढा लांब, त्या खिळ्यापाशी, आपणहून बसत होता. भाषणसुद्धा देऊन आला.

"आत चला," मी म्हटलं. "आज ओट्याशी बसूनच चहा घ्या."

हे आत आले, स्टूल ओढून बसले. चहाचे दोन घोट घेतले. मग म्हणाले, "तिखटाच्या डब्यावरची चिठ्ठी निघालीये, बघ."