ते मी नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि एका छताखाली राहून बायकोपासून काही लपवायचं म्हणजे काय असतं, हे संसारी माणसाला वेगळं सांगायला नको. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. एवढंच कारण.

मी गोष्टी लिहितो. विनोदी. वऱ्हाडीत लिहितो आणि स्टेजवर उभा राहून सांगतोही. गणपती असोत की शाळेचं गॅदरिंग, वाशिम जिल्ह्यात मला बोलावणं असतंच. आणि दर ठिकाणी कुणीतरी उठून विचारतं, सर, तुम्हाला हे सुचतं कसं? माझी उत्तरं तयार असतात. मेडशीच्या एस्टीत उभ्यानं सुचतं, कारण दुसरा उद्योग नसतो. बायकोनं गॅसवर दूध ठेवून 'जरा लक्ष ठेवा' म्हटलं की हमखास सुचतं, आणि दूध उतू जातं. प्रतिभा म्हणजे मांजर हो, हाक मारली की येत नाही! लोक हसतात. सगळं खोटं असतं असंही नाही. पण माझी जी गोष्ट सगळ्यात जास्त चालली, ती काही एस्टीत सुचली नव्हती.

ती गोदाबाईची गोष्ट. गोदाबाईचा नवरा तिला टाकून दुसरीकडे संसार थाटून बसलाय. तरी ही बाई गावातल्या एकूण एक लग्नात हजर, आणि कुणी आग्रह करायच्या आत उखाण्यात नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी. तो तिकडे दुसरीच्या हातची भाकर खातोय आणि ही इकडे मांडवात यमक जुळवतेय. मी सांगायला लागलो की लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसला असता — मी गोष्ट चांगली सांगतो.

आणि पंचफुलाताई? ती माझ्या काकांची मुलगी. माझ्याहून बरीच मोठी, अनसिंगला असते. तिचा नवरा देविदास कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिकडेच दुसरी बायको करून राहिला. आता पुढचं मी सांगायला हवं का?

सांगतो. सांगायलाच बसलोय.

ताई नाव घ्यायला उभी राहिली की मांडवातली पोरंसुद्धा धिंगाणा थांबवायची. पाठ केलेलं काही नाही. समोर जे दिसेल त्यातून, तिथल्या तिथं. एकदा एका डोहाळजेवणात कुणीतरी उकडलेल्या शेंगांचं टोपलं आणून ठेवलं, तर ही लगेच म्हणाली, "तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडल्या, देविदासरावाच्या वाटंवर नजरा माया अडकल्या." बाया आधी हसल्या. मग एकदोघींनी डोळे पुसले. मी तेव्हा नुकताच लिहायला लागलो होतो, आणि दहा कागद फाडूनही मला असं एक वाक्य जमत नव्हतं. जळलो मी. खरंच जळलो.

मी तिला एकदा विचारलंही होतं, "ताई, काहून घेतं वं त्याचं नाव?"

"तो गेला," ती म्हणाली. "नाव तं नेलं नाही न त्यानं."

हे वाक्य मी गोष्टीत घेतलं नाही. हशा थांबला असता.

बाकी सगळं घेतलं. उखाणे तिचे घेतले नाहीत, तिच्या ढंगाचे पण फजितीचे केले. सुरतेचं नागपूर केलं. पंचफुलाची गोदा केली, तिच्या बारीक अंगाला चार शेर चरबी चढवली. एवढं केलं की झालं पात्र काल्पनिक! आम्हा लेखकांचं काय जातं? दिवाळी अंकात गोष्ट आली, मग स्टेजवर आली, आणि अनसिंगच्या बायांना ओळखायला दोन मिनिटंही लागली नसतील.

एक दिवस ताई वाशिमला माझ्या घरी आली. पाणी प्यायली, पिशवी पायाशी ठेवली आणि सरळ विचारलं, "भाऊ, ते गोष्टीतली बाई मी हाव काय रे?"

खरं सांगायची याच्याहून सोपी वेळ माणसाला मिळते का? घरात आम्ही दोघंच. ती रागावलेलीही नव्हती. मी म्हणू शकलो असतो की हो ताई, तूच, चुकलं माझं. चार शिव्या दिल्या असत्या तिनं. मी हसलो. म्हणालो, "नाही वं ताई! ते सारं मनातलं राह्यते. लेखकाचं डोकं हाय, काहीबी येते त्याच्यात."

तिचा चेहरा असा मोकळा झाला! "मी म्हनलंच," ती म्हणाली, "माया भाऊ असं कायले करन." मग चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मी तिला पोस्ट ऑफिस चौकातून रिक्षात बसवून दिलं. सुटलो बुवा, असं वाटलं मला. लाज नाही वाटली. सुटलो, असंच वाटलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटत असेल की हाच तो कबुलीजबाब. नाही. इथवरचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगूनही टाकलं असतं, थोडं हसून, थोडं हळहळून.

पुढे किन्हीराजाला आमच्या भाचीचं लग्न होतं. मांडवात बायांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "घ्या नाव, गोदाबाई!" ताई उभी राहिली. चिडली नाही. शांतपणे, अगदी खात्रीनं म्हणाली, "ते मी नाही. माया भावानं मले सवता सांगतलं, ते मी नाही." आणि बाया जे हसायला लागल्या! एक थांबली की दुसरी. ताई परत सांगतेय, ते मी नाही वं, इचारा त्याले, आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. मी पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर बसलो होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं असेल?

मी मान हलवली. होय, ते ती नाही, अशी. आणि मान हलवत असतानाच माझ्या डोक्यात आलं की अरे, गोष्टीला शेवट मिळाला! किती दिवस शेवट ढिला वाटत होता. आता गोदाबाई उठून म्हणणार, ते मी नाही, माया भावानं सांगतलं. आणि पडदा! माझी बहीण समोर एकटी उभी होती आणि मी ते वाक्य विसरू नये म्हणून मनात घोकत होतो.

पुढच्याच कार्यक्रमात मी ते घातलं. छप्पर उडालं म्हणतात ना, तसं झालं. मग तोच शेवट कायम झाला.

आणि त्यानंतर अनसिंगलाच कार्यक्रम ठरला. मी तो शेवट तिथं तरी गाळायला हवा होता. मनात आलंही होतं. पण मैदान भरलेलं होतं, गोष्ट रंगात आली होती. ताई पहिल्या रांगेत बसली होती — का बसू नये? तिला तर मी स्वतः सांगितलं होतं ना, की ते ती नाही! मी तिला पाहिलं होतं, आणि पाहून सांगितलं. "ते मी नाही. माया भावानं सांगतलं." शब्दाला शब्द. आवाजसुद्धा तिचाच काढला.

मैदान फुटलं. ताईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडे, उजवीकडे, हसणाऱ्या बायांकडे. मग पदर तोंडाला लावला आणि तीही हसायला लागली. सगळ्यांबरोबर. टाळ्यासुद्धा वाजवल्या तिनं.

मला ती कधी काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही. भेटली की अजून 'भाऊ'च म्हणते, पोरांना विचारते. गोष्ट मी अजून सांगतो. परवाच मालेगावला सांगितली, त्याच शेवटासकट. लोक तीच मागतात, हे काही कारण नव्हे. मला नाही म्हणता आलं असतं.

लग्नं होतात, आम्ही दोघंही जातो. तिकडून बाया म्हणतात, पंचफुलाबाई, घ्या न नाव. ती हात जोडते, म्हणते, "मले येत नाही वं." नव्या सुनांना ते खरं वाटतं, त्या दुसरीकडे वळतात. मी इकडे पंगतीत जेवत असतो.