पंधरा बिड्यांत एक माणूस

सानगडीत टेकचंद पेंटर दोनच कामं करी. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची आणि माणूस मेला की त्याची तसबीर काढायची. बैल निदान शेपटी तरी हलवत. तसबिरीतली गिऱ्हाइकं मात्र अगदी सालस. घरचे लोक लग्नातल्या घोळक्याचा टिचभर फोटो आणून देत आणि टेकचंद त्यातून पुरुषाला काळा कोट, बाईला हिरवं लुगडं चढवी. मयताने जन्मात कोट पाहिला नसला तरी चढवी. शेवटी गळ्यात झेंडूचा हारही रंगवून टाकी, म्हणजे घरच्यांना रोज फुलं बदलायची कटकट नको. हार पडला की तसबीर संपली. गाव त्याला तोंडावर ‘पेंटर’ म्हणे आणि पाठीमागे ‘मयतीपेंटर’.

हे नाव त्याला फार झोंबे. म्हणून १९७८ साली जवळच्या एका नव्या शाळेत चित्रकलेची जागा निघाली, तेव्हा लोकांनी आपल्याला ‘मास्तर’ म्हणावं या एका आशेवर त्याने त्या जागेसाठी लागणाऱ्या नागपूरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. परीक्षेत समोर बसवलेला जिवंत माणूस पाच मिनिटांत कागदावर उतरवायचा होता. टेकचंदला एका मिशीला दोन दिवस लागत.

सरावाला माणूस हवा, म्हणून त्याने धनीराम शिंप्याला गाठलं. धनीराम गुडघ्यावर हात ठेवून, श्वास कोंडून, फोटोला बसतात तसा बसला. तेवढ्यात त्याची बायको धावत आली.

“उठा जी! जित्ता आहे माहा नवरा अजून. याच्यासमोर काहून बसून राहिले?”

ती बातमी गावभर झाली. त्यानंतर टेकचंद वही घेऊन दिसला की पारावरची माणसं उठून शेताला जात. एरवी घरच्यांनी हाकलूनही जात नसत.

राहिली एकटी गोदावरीबाई. साठीची बाई, अंगणात सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळायची. “काढ रे बापा,” ती म्हणाली. “पण माहे हात नाही थांबत.”

टेकचंदने सवयीप्रमाणे डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली. पापणीचे केस मोजून होईपर्यंत बाई तीनदा वळली, दोनदा शिंकली.

“मावशी, हालू नको न वं!”

“पंधरा बिड्या झाल्या माह्या. तुहं काय झालं?”

“डोळा.”

“एकच? मंग बाकीची मी कोठं गेलो?” तिने वही पाहिली आणि खो खो हसली. “मी काय पानाच्या नसा मोजत बसतो? पान ठेवलं, जर्दा टाकला, वळलं, झालं. तू आधी माही पाठ काढ. दिवसभर तेच दुखते.”

टेकचंदने पाठ काढली. मग खांदा, मग खाली आलेली मान, मग बोटं. नाक-डोळे वेळ उरला तर. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याने तीन वह्या भरल्या आणि शेवटी शेवटी पंधरा बिड्यांत, म्हणजे पाचेक मिनिटांत, आख्खी गोदावरीबाई कागदावर येऊ लागली. कोणी लांबून पाहिली तरी ओळखावी अशी.

परीक्षेत समोर कोणी निवृत्त चपराशी बसवला होता. तो खुर्चीत बसला तो गुडघ्यावर हात, नजर समोर, पापणीही हलेना. टेकचंदला आपलं जुनं गिऱ्हाईक भेटल्यासारखं वाटलं. पाठ, खांदे, मान झक्क उतरली. तीन मिनिटांतच. उरलेल्या दोन मिनिटांत हात आपला आपण चालत राहिला. घंटा झाली. परीक्षकांनी कागद उचलला. चपराशी डोकावला आणि किंचाळला, “अबे, दोन पोरी उजवायच्या आहेत अजून माह्या!”

गळ्यात हार होता. एकवीस झेंडू, खाली गोंड्यासकट.

टेकचंद नापास झाला. जागा शाळेच्या अध्यक्षांच्या भाच्याला मिळाली, आणि त्या भाच्याला हारसुद्धा काढता येत नव्हता.

निकालाचा कागद घेऊन टेकचंद गोदावरीबाईच्या अंगणात आला. सगळं ऐकून ती इतकी हसली की सुपातला जर्दा सांडला. पण त्याचं तोंड पाहून तिचं हसू मावळलं. तीन वह्या पुन्हा चाळून ती म्हणाली, “माह्या गळ्यात तं एकबी हार नाही.”

“तू हालत होतीस न मावशी.”

“असं म्हनतेस?” तिने सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात ठेवले. कधी नव्हे ते तिचे हात थांबले. “आता काढ. नाही हालत.”

टेकचंद बसला. पाठ झाली, खांदे झाले. बाई कुठे बघते कळेना. पेन्सिल मानेपाशी आली आणि हारासारखी खाली वळू लागली. त्याला दरदरून घाम फुटला. ज्याने याच बाईला ‘हालू नको’ म्हणून छळलं होतं, तो टेकचंद रडकुंडीला येऊन ओरडला, “मावशी, हाल न वं! हाल जराशी!”

गोदावरीबाईने शांतपणे सूप मांडीवर ओढलं आणि पान उचललं.

“मोज,” ती म्हणाली. “एक.”