कंपाउंडरचा हातगुण

जनावरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला हातगुण आहे, असं सगळेच म्हणायचे. डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट दिसताच जो कुत्रा टेबलाखाली शिरायचा, तोच कंपाउंडरने मानेखाली हात घातला की मुकाट सुई टोचून घ्यायचा. मांजरांचंही तसंच. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याला फक्त दोनदा चावा बसला होता, आणि त्यातला एक कुत्र्याच्या मालकाच्या तीन वर्षांच्या नातीचा.

दवाखाना दुपारी एकला बंद व्हायचा. घरी जाऊन दोन घास पोटात टाकले की दीडच्या ठोक्याला तो दोन गल्ल्या पलीकडे मेव्हण्याच्या चिकनच्या दुकानात उभा राहायचा. अकरा वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर मदत म्हणून तो गेला होता. महिना संपला, पाठ बरी झाली, पण कंपाउंडर राहिला तो राहिलाच. कारण तिथेही त्याच्या हाताचं नाव झालं होतं. पिंजऱ्यात हात घातला की कोंबड्या इतर कुणापुढे जो कल्ला करायच्या, तो त्याच्यापुढे करायच्या नाहीत. पंख मुडपून बगलेत धरायचं, अंगठ्याने मानेवरची पिसं मागे सारायची, आणि मग सुरा. एका झटक्यात. मेव्हणा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा की आमच्या भावजींच्या हातात कोंबडीलाही कळत नाही.

लोक गमतीने म्हणत, सकाळी जीव वाचवतो आणि दुपारी घेतो. तो हसून म्हणायचा, वरचाही दोन्ही खाती सांभाळतोच की. स्वतः डॉक्टरीणबाईही चिकन तिथूनच न्यायच्या. त्या दुकानात आल्या की दोघंही दवाखान्याबद्दल अवाक्षर काढत नसत, जणू आत्ताच ओळख झाली आहे.

अशा माणसाच्या आयुष्यात एका सोमवारी शिवणाच्या मावशी आल्या. मावशी म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेल्या बाई. भाजीच्या पिशवीतून त्यांनी एक पांढरी कोंबडी काढून टेबलावर ठेवली. कोंबड्यांचा टेंपो त्यांच्या दारासमोर खड्ड्यात आदळला, एक पिंजरा उघडला, आणि ही त्यांच्या पायरीशी येऊन पडली होती. बाकावर कुत्री-मांजरं घेऊन बसलेली माणसं हसायला लागली. एकाने तर विचारलं की औषध देणार की मसाला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. कोंबडीच्या उजव्या पायाचं मधलं बोट मोडलंय, तेवढं बघा, म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कोंबडी कंपाउंडरकडे सरकवली. त्याने आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा कापला, कापूस लावला, चिकटपट्टीने बोट बांधलं. बांधताना कोंबडीने डोळे मिटले आणि डोकं त्याच्या बगलेत खुपसलं. मावशी म्हणाल्या, बघा, आपलं माणूस ओळखलं तिने.

त्या दुपारी पहिलीच कोंबडी त्याने बगलेत घेतली, तिनेही डोळे मिटले. कोंबड्या नेहमीच मिटतात, हे त्याला अकरा वर्षं ठाऊक होतं. तरी त्या दिवशी हात क्षणभर थांबला. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, घाई आहे हो. मग थांबलेला हात चालला.

बोट बरं झालं, पण वाकडंच राहिलं. मावशींनी अडीच किलोच्या त्या धुडाचं नाव चिमणी ठेवलं. पट्टी बदलायच्या निमित्ताने कंपाउंडर दर मंगळवारी दवाखान्यातून निघाल्यावर त्यांच्याकडे डोकवायला लागला आणि पट्टी सुटल्यावरही जात राहिला. दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लटकवलेले कपडे बेतायचे कागदी नमुने. चिमणी मशीनच्या पायडलवर बसायची. मावशींना शिवायचं असलं की आधी तिची समजूत काढावी लागायची. मावशी त्याला अरे-तुरे करायच्या, चहा द्यायच्या, आणि चिमणीच्या तक्रारी सुनेच्या तक्रारी सांगाव्यात तशा सांगायच्या.

एकच गोष्ट दोघं बोलत नसत. मावशी दर रविवारी त्याच्या दुकानात येऊन अर्धा किलो चिकन न्यायच्या, कातडी काढून. एकदा रविवारी त्यांची विसरलेली छत्री द्यायला तो घरी गेला, तर गॅसवर पातेलं रटरटत होतं आणि खाली चिमणी मावशींच्या पायात घोटाळत होती. त्याने पातेल्याकडे पाहिलं, मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि दोघांनी छत्रीबद्दल जरा जास्तच वेळ गप्पा मारल्या.

सहा महिन्यांनी मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस भाचीकडे राहायचं होतं, आणि भाचीच्या इमारतीत कोंबडी चालत नव्हती. मावशींनी चिमणीला टोपलीत घालून दवाखान्यात आणलं. त्याच्या हातात देताना म्हणाल्या, तुझ्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त.

घरी मांजर होती. दवाखान्यात त्या दिवशी तीन आजारी कुत्री मुक्कामाला होती. सासूबाईंच्या मागच्या अंगणात ठेवायचं त्याने ठरवलं, पण सासूबाई संध्याकाळशिवाय घरी नसायच्या. तेवढी दुपार काढायची म्हणून तो टोपली घेऊन दुकानात गेला आणि गल्ल्याच्या टेबलाखाली सरकवून ठेवली. मेव्हणा तेव्हा जेवायला गेला होता. तो आला की सांगू, असं मनाशी म्हणत कंपाउंडर कामाला लागला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला, गाडीखाली सापडलेला कुत्रा आणलाय, ताबडतोब या. मेव्हणा दारातून आत शिरत होता आणि हा धावत बाहेर पडत होता. येतो तासाभरात, एवढंच तो ओरडला.

कुत्रा वाचला. खुशीतच तो परतला. दुकानासमोर रांग लागली होती, त्यात एका हॉटेलची तीस कोंबड्यांची ऑर्डर. मेव्हण्याने सुरा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, भावजी, आधी हे उरका. तो उरकायला लागला. पिंजऱ्यात हात घालायचा, बगलेत धरायचं, सुरा. टेबलाखाली वाकून बघावं असं एकदाही त्याच्या मनात आलं नाही.

मधेच केव्हातरी एक कोंबडी आपणहून हातात आली. फडफड नाही, काही नाही. तिने डोकं त्याच्या बगलेत खुपसलं. शहाणी आहे, असं त्याच्या मनात आलं. नेमके हेच शब्द. आणि सुरा चालला.

कापलेले पाय एका घमेल्यात पडत. ते रिकामं करायला त्याने उचललं, तर वरच एक पाय होता, मधलं बोट बाहेरच्या बाजूला वळलेलं. आधी त्याला काहीच कळलं नाही. मग तो गुडघ्यांवर बसला आणि टेबलाखालची टोपली ओढली. टोपली रिकामी होती.

मेव्हण्याला विचारलं तेव्हा तो गिऱ्हाइकाच्या पिशवीला गाठ मारत होता. पिंजऱ्यातून सुटून टोपलीत जाऊन बसलेली दिसली, म्हणून परत पिंजऱ्यात टाकली, म्हणाला. कंपाउंडरचा चेहरा पाहून त्याने गाठ मारायचं थांबवलं. सगळं ऐकल्यावर तो खरोखर हळहळला. मग पिंजऱ्याकडे हात करून म्हणाला, "यातली कुठलीही घ्या भावजी. सगळ्या सारख्याच आहेत."

हे वाक्य कंपाउंडरला पुढे कितीतरी दिवस पुरलं. मेव्हण्याचं काय चुकलं होतं? त्याने तर चिमणीला कधी पाहिलंही नव्हतं. ज्याने तिचं बोट बांधलं, ज्याच्या बगलेत ती सहा महिने डोकं खुपसत होती, त्याला ती ओळखू आली नाही. आणि ओळखू आली नाही म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. शहाणी आहे, हे कळलं होतंच की.

तीन दिवस त्याचं मन त्याला खात होतं. चौथ्या दिवशी त्याने जे केलं त्याची त्याला अजूनही सगळ्यांत जास्त लाज वाटते. त्याने पिंजऱ्यातली एक पांढरी कोंबडी निवडली, तेवढ्याच वजनाची. दुकानाच्या मागच्या मोरीत बसून तिच्या उजव्या पायाचं मधलं बोट आपल्या दोन बोटांत धरलं. किती जोर लागेल, ते त्याला नेमकं माहीत होतं. कंपाउंडरला नाही तर कोणाला असणार. कोंबडीने डोळे मिटले. तो बराच वेळ तसाच बसला. मग त्याने बोट सोडलं, तिला टोपलीत घातलं आणि मावशींकडे निघाला.

मावशींच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्यांनी कोंबडीला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पंख चाचपले, मग पाय. मधल्या बोटापाशी हात थांबला.

"बोट सरळ झालं की रे हिचं," मावशी म्हणाल्या.

"झालं, मावशी," तो म्हणाला. चहा न घेताच तो बाहेर पडला.

त्यानंतर मंगळवारी तो जाईनासा झाला. मावशीही रविवारी दुकानात येईनाशा झाल्या. डोळ्याचं पथ्य असेल, असं त्याने स्वतःला बजावलं, पण चोराच्या मनात चांदणं. दुकानात त्याचा हात जड झाला. पूर्वी एका झटक्यात होणाऱ्या कामाला दोन झटके लागायला लागले, आणि ते त्या मुक्या जीवांसाठी आणखी वाईट होतं, हेही त्याला कळत होतं. बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाऊन खरं काय ते बोलून टाका, नाहीतर जेवण जाणार नाही तुम्हाला. जेवण तसं जात होतं, याचीच त्याला लाज वाटत होती.

महिन्याभराने तो गेला. मावशी मशीनवर बसल्या होत्या. नवी कोंबडी पायडलपासून लांब, दाराशी बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. टोपली, फोन, हॉटेलची ऑर्डर. कारणं सांगताना आपण कारणं सांगतोय हे लक्षात आलं, तसा तो थांबला.

मावशींनी मशीनचं चाक हाताने धरून ठेवलं होतं. "मला त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "पायाला हात लावला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर हिला तू परत नेलं असतंस. कुठे नेलं असतंस, सांग." दाराशी बसलेल्या कोंबडीकडे त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तुला काय बोलू मी? दर रविवारी अर्धा किलो नेत होते. ती कोण होती, असं कधी विचारलं का?"

त्याला वाटलं, सुटलो. पण मावशींचं बोलणं संपलं नव्हतं. खाली बघत त्यांनी विचारलं, "ओरडली का रे?"

नाही, एवढंच म्हणून भागलं असतं. पण आता खोटं बोलायचं नाही, आणि अर्धंही बोलायचं नाही, असं ठरवून तो आला होता. त्याने सांगितलं की ती आपणहून हातात आली आणि तिने डोकं बगलेत घातलं.

मावशींनी मशीनचं चाक सोडलं. मग म्हणाल्या, "आता तू जा."

दुसऱ्याच दिवशी त्याने मेव्हण्याला दुकान सोडतो म्हणून सांगितलं. मेव्हण्याने मनाला लावून घेतलं. एका कोंबडीपायी नातं तोडता का, म्हणाला. पंधरा दिवसांत त्याला दुसरा माणूस मिळाला. कंपाउंडर सकाळी दवाखान्यात जाताना त्या गल्लीतून जायचं टाळायचा, तरी एकदा गेलाच. दुकान नेहमीसारखंच चाललं होतं. नवा माणूस पायांना धरून कोंबड्या ओढत होता आणि त्या आकांत करत होत्या. कंपाउंडरच्या हातात त्या गप्प राहिल्या असत्या. परत सुरा धरला तर बरं की न धरलेला बरा, हे त्याला उमजेना, आणि विचारावं असं कुणी नव्हतं.

पावसाळ्यात मावशींचा निरोप आला, कोंबडीला धाप लागतेय. तो गेला. या जातीच्या कोंबड्या झटपट वजन वाढावं म्हणूनच पोसतात. हृदयाला तो भार पेलत नाही, फार जगत नाहीत, हे त्याने सांगितलं. मावशी म्हणाल्या, जगेल तितकी जगू दे, इंजेक्शन दे. त्याने कोंबडी घ्यायला हात पुढे केला. मावशींनी ती आपल्याकडेच ठेवली. मी धरते, म्हणाल्या. कोंबडीने बरीच फडफड केली, मावशींच्या मनगटावर ओरखडे उठले, आणि त्याची सुई दोनदा चुकली. चहा मात्र मावशींनी दिला.

घरी चिकन बंद झालं होतं. कुणी काही ठरवलं नव्हतं. बायकोने आणलं नाही, त्याने मागितलं नाही. एका रविवारी तळलेले मासे होते. भूक चांगली लागली होती, दोन तुकडे झाले. कॉलेजात जाणारी मुलगी त्याच्याकडे बघत होती. टोमणा मारायचा म्हणून नाही, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बाबा, मासे कसे चालतात तुम्हाला?"

त्याने उत्तर शोधलं. मासा कधी हातात धरला नाही, त्याला कधी पट्टी बांधली नाही, त्याला नाव नाही. मनात तेवढीच कारणं आली, आणि हीच कारणं अकरा वर्षं तो रोज दुपारी वापरत आला होता.

"माहीत नाही गं," तो म्हणाला.

बायकोने तिसरा तुकडा त्याच्या ताटात वाढला. त्याने तो खाल्ला.