चार बोटं कापड

मास्तर पँट शिवायचे. कोट, जाकीट, शर्ट हेही शिवायचे, पण त्यांचा खरा जीव पँटीत. मापाला उभं राहिलेलं गिऱ्हाईक हटकून पोट आत ओढतं. मास्तर टेप गळ्यात तशीच ठेवायचे आणि काय म्हणते तब्येत, मुलं काय शिकतात, असल्या चौकशा करत बसायचे. बोलता बोलता माणूस श्वास सोडतो, पोट आपल्या जागी येतं, की टेप कमरेभोवती गेलीच म्हणून समजा. आपल्या पोटाबद्दल माणूस स्वतःशीच खोटं बोलतो, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः तेच करतील असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर त्याला त्यांनी दुकानाबाहेर काढलं असतं.

त्यांचा दुसरा हट्ट मायेचा. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. इतर शिंपी सोडल्यासारखी करतात. मास्तर मागच्या शिवणीत चांगली दोन बोटं सोडायचे. एखादा बारीक झाला आणि पँट आत घ्यायला घेऊन आला, तर आत घेऊन द्यायचे, पण जादा कापडाला कात्री लावायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणे, कापा की, जाड लागतं. मास्तर म्हणत, लागू द्या, माणूस परत भरतो. गल्लीतला विमेवाला तर त्यांची जिवंत जाहिरात होता. त्याच्या एकाच पँटीची शिवण मास्तरांनी इतक्यांदा उसवून सैल केली होती, की पँटीनेच एकदा हात जोडले असते.

आधी मास्तर एका कपड्यांच्या कारखान्यात होते. दिवसभर नुसत्या कॉलरी. कंटाळा होता, पण खिशात कंपनीचं कार्ड होतं. ते दाखवलं की दवाखाना हसून स्वागत करायचा. एक दिवस साहेबाने चहाला लागलेल्या वेळेवरून टोकलं आणि मास्तरांचं डोकं फिरलं. नोकरी सोडली, दुकान टाकलं, स्वतःचे मालक झाले. मग कळलं, की मालकाला ताप आला की कारखाना बंद. बायको काज-बटणं करायची, कडा शिवायची, तयार कपडे घरोघर पोचवायची. मास्तरांची बायको म्हणून गल्ली तिला मास्तरीण म्हणे, आणि मास्तरांवर डोळे वटारायची वेळ आली की ती ते नाव सार्थ करी.

शेजारी चष्मेवाल्याचं दुकान होतं. भला माणूस, दुपारचा चहा दोघं मिळून घ्यायचे. तो आजारी पडला, आणि दवाखान्याने आधी त्याची शिल्लक खाल्ली, मग यंत्रं, मग दुकान. एवढं गिळूनही माणूस काही परत दिला नाही. आता तिथे मोबाईलची रंगीत कव्हरं लटकतात. चष्मेवाल्याची बायको, जिला मास्तर आणि मास्तरीण वहिनी म्हणत, त्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहायला गेल्या. मास्तरांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि विमा काढायचाच असं ठरवलं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढी अक्कल त्यांना होती. अडचण एवढीच, की तहान आधीच लागली होती.

म्हणजे असं, की मास्तर बारीक होत होते. उजव्या बरगडीखाली दुखायचं, दोन घासांत पोट भरायचं. कापायच्या टेबलाशी उभं राहिलं की थोड्या वेळाने स्टूल ओढावं लागे. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

विमेवाला आला तो तीन योजना घेऊन. पहिली स्वस्त, पण प्रत्येक बिलातला काही हिस्सा आपल्या खिशातून. दुसरीत खोलीच्या भाड्याला मर्यादा. खोली महाग घेतली की बाकीच्या बिलालाही कात्री. तिसरी महाग, पण धडधाकट. मास्तरांनी सगळं नीट विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, हे सगळं तयार कपड्यांसारखं दिसतंय, माझ्या मापाचं यातलं एकही नाही. विमेवाला हसला, आणि मग कामाचं बोलला. आधीपासून असलेल्या आजाराला काही वर्षं थांबावं लागतं. फॉर्ममध्ये विचारलंय, वजन घटलंय का, कुठे दुखतं का, तपासण्या चालू आहेत का. आणि पुढच्या वाढदिवसानंतर कंपनी रक्त तपासल्याशिवाय घेणार नाही, तेव्हा काय ते त्याआधी.

"काही असेल तर आत्ताच सांगा, मास्तर," तो म्हणाला. "नंतर निघालं तर कंपनी हात वर करेल, आणि मला तुमच्या दारात उभं राहायला तोंड उरणार नाही."

मास्तर म्हणाले, मला काय धाड भरलीय?

त्यांचा हिशोब सरळ होता, म्हणजे त्यांना तसा वाटत होता. डॉक्टरकडे गेलो तर हात दाखवून अवलक्षण. जे सापडलंच नाही ते नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी विमा घ्यायचा, मग दात-ओठ आवळून दिवस काढायचे, आणि पुरेसे गेले की जणू कालच दुखायला लागलं असं दाखवून दवाखाना गाठायचा. आहे की नाही हुशारी? कापडाचा धागा सरळ आहे की तिरका ते डोळे मिटून ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या जिवाचा बेत असा वाकडा कापत होता. पण त्यांना हसायचीही सोय नाही. मोबाईलची ती कव्हरं दिवसभर डोळ्यांसमोर हलत होती, आणि भीतीने माणूस भलभलती गणितं सोडवतो.

मग लपवाछपवी सुरू झाली. शर्टाच्या आत दोन-दोन बनियन. उकाड्यात वरून जाकीट. मास्तरीण म्हणाली, हे काय ध्यान? तर म्हणे, गिऱ्हाइकावर छाप पडते. जेवताना पाण्याच्या घोटाबरोबर घास ढकलायचे. पँट मात्र सरकायला लागली. मास्तरीण कपडे पोचवायला गेली की ते मशीनवर बसून स्वतःची पँट आत घेत. एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली. आत कापड साचलं, मागून फुगवटा दिसायला लागला. बायकोच्या नजरेतून शिवण सुटायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी कात्री उचलली आणि जादा कापड कापून टाकलं.

फॉर्मवर सही व्हायची त्याच दिवशी मास्तरीण कपडे वाळत घालत होती. पँट उलटी करून दोरीवर टाकताना तिचा हात शिवणीवर थांबला. ती तशीच ओली पँट घेऊन दुकानात आली. मास्तर खडूने कापडावर खुणा करत होते.

"ही कुणी कापली?"

मास्तर म्हणाले, सैल होत होती.

"सैल होत होती तर आत घ्यायची. कापली कशाला?"

लोकांना आयुष्यभर 'माणूस परत भरतो' सांगणाऱ्या माणसाने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता, आणि तो त्या ओल्या पँटीत तिच्या हातात होता. ती रडली नाही. तिने जाकिटाची बटणं काढली, शर्ट वर केला, दोन बनियन पाहिले आणि खाली मान घालून शर्ट परत सारखा केला. मग मास्तरांनी सगळं सांगितलं. दुखणं, बेत, थांबायचे दिवस. तुझ्यासाठीच करतोय म्हणाले. दुकान गेलं तर वहिनींसारखी एका खोलीत जाशील.

"मी वहिनींकडे रोज जाते," मास्तरीण म्हणाली. "दुकानाचं नाव त्यांनी आजवर एकदाही काढलं नाही. त्या एवढंच म्हणतात, की यांनी मला आधी का नाही सांगितलं."

मास्तर स्टुलावर बसले. तिने शटर अर्धं खाली ओढलं.

विमेवाला आला तेव्हा वाकून आत शिरला. तिनेच त्याला खरं ते सांगितलं. त्याने फॉर्म पिशवीत परत ठेवला आणि बराच वेळ टेबलावरचं कापड चाचपत बसला. मास्तरांना आता कंपनी घेणार नाही, निदान इतक्यात तरी नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, की उद्या गाडी घेऊन येतो, दवाखान्यात मी सोडतो.

पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, वेळेवर आलात असं मी म्हणणार नाही, पण आणखी थांबला असता तर माझ्याकडे करण्यासारखं काही उरलं नसतं. ऑपरेशन झालं. शिल्लक गेली, काठ शिवायचं मशीन गेलं, आणि दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग भाड्याने द्यावा लागला. ज्याला भ्यायले तेच निम्मं दारात आलं. घ्यायला आला तो मोबाईलवालाच. आता कव्हरं इकडेही लटकतात.

विमा निघाला तो एकट्या मास्तरिणीचा. तिसरी, महागातली योजना. दवाखान्यातून परतल्यावर मास्तरांनी स्वतः निवडली, प्रत्येक ओळ वाचून. ती नको म्हणून अडून बसली; असल्या दिवसांत हा खर्च कशाला, मला काय झालंय?

"काही झालं नाही म्हणूनच," मास्तर म्हणाले, आणि पेन तिच्या हातात दिलं.

औषधं अजून चालू आहेत. पुढच्या तपासणीनंतर काय ते कळेल, आज विचारू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मास्तर अर्ध्या दुकानात बसून लहानसहान कामं करतात. मापं आता मास्तरीण घेते. मास्तरांची एकही पँट कमरेवर टिकत नव्हती, तेव्हा तिने एक दिवस कापड काढलं आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः पँट कापायला घेतली. मास्तर स्टुलावरून सूचना देत राहिले, आणि तिने त्यातली एकही ऐकली नाही.

पँट झाली. कमरेला बरोबर बसली. मास्तरांनी सवयीने ती काढून उलटी केली, मागच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि थांबले. आत चार बोटं कापड होतं. चांगल्या ढेरपोट्या माणसालाही पुरून उरेल एवढं.

"अगं, इतकी माया कुणी सोडतं का?" ते म्हणाले. "बसताना टोचेल मला."

मास्तरीण सुईत दोरा ओवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"टोचू दे."