सागवानावर पोपटी रंग

शकू गेल्याचा फोन तिच्या दिरांचा होता. "वहिनी सकाळी गेल्या," म्हणाले, आणि मी खुर्चीत टेकते न टेकते तोच, "ते पुस्तकाचं कपाट तुमच्याच व्हरांड्यात आहे नं?" … महिना होत आला, पण त्या दुसऱ्या वाक्यानं माझ्या डोळ्यांतलं पाणी जे आटलं, ते अजून परतलं नाही.

शकू माझी शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. तिच्या सासरी बैठकीत एक बंगई, म्हणजे झोपाळा होता, आलापल्लीच्या सागाचा, चौघं ऐसपैस बसतील असा. नवी नवरी असताना पुतण्यांना जवळ घेऊन शकू तिच्यावर गोष्टी वाचत बसली, तर पाहुण्यांदेखत दीर म्हणाले, "उठा तिथून. बायकांनी खाली बसून वाचावं." शकू उठली. पुढं नवरा गेला, वाटण्या झाल्या, घर दिरांकडं राहिलं. बैठकीत सोफा आला होता, बंगईची अडगळ झाली होती. तिची कड्या काढलेली पाटी, बसायची ती जाडजूड फळी, त्यांनी शकूकडं पाठवून दिली. वर निरोप, "आता बसा म्हणावं मनभर."

वस्तीतल्या पोरांसाठी माझ्या व्हरांड्यात पुस्तकांचं रंगीत कपाट करायचं ठरलं, तेव्हा आम्ही दोघींनी मिस्त्रीला घेऊन लाकूडबाजार पालथा घातला. आंब्याला कीड लागते, सावर फारच हलकी… मिस्त्री म्हणाला, "रंगच मारायचा तं कोणतंबी आडजात, स्वस्तातलं लाकूड चालते, बाई." शकू काही न घेताच घरी आली आणि तिनं भिंतीला टेकवलेल्या पाटीकडं बोट दाखवलं.

मिस्त्रीनं कानाला हात लावले. "सागवानाले कोणी रंग मारते का? पॉलिश करा, आरशावानी चमकते. रंग म्हणजे पाप आहे."

"मंग पापच करायचं आहे मले. आऱ्यावर चिर अन् फळ्या काढ."

मी म्हटलं, "काहून वं, लाकडावर राग काढून राहिली?"

"राग नाही वं, विमल. मनभर बसा म्हणत होते नं? खालची फळी रुंद ठेवू. पोट्ट्या बसतीन, वाचतीन."

कपाट तयार झालं तेव्हा तिनं दिरांना मुद्दाम चहाला बोलावलं आणि त्यांच्यासमोर पोपटी ऑइलपेंटचा डबा उघडला.

"वहिनी, बाबांची बंगई आहे ते!"

"होती," म्हणाली शकू, आणि ब्रश बुडवला. काय हसली होती त्या दिवशी!

तेरवी आटोपली आणि दीर कारागीर घेऊन माझ्या दारात. कपाट तिरपं करून तळ पाहिला. तिथं रंग नव्हता. नख घासून म्हणाले, "साग शाबूत आहे. रंग खरवडता येते. बाबांची आठवण आहे, बैठकीत ठेवू." मी चहा विचारला नाही. म्हटलं, "शकूनं पोरांना दिलं आहे, त्यायलेच मागा."

फळीवर बसलेल्या पोट्टीनं मान वर केली. "आजोबा, पुस्तक घरी नेता येते. कपाट नाही नेता येत."

गेले बिचारे… बिचारे कसले!

रविवारी पोरांना हाताशी घेऊन मी कपाट आडवं केलं आणि तळाला रंगाचे दोन हात दिले. शकूनं तेवढी जागा काहून सोडली असेल, कोण जाणे. मी नाही सोडली.