शोकेसमधला फिनलंडचा ग्लास

मंडळी, आज दुपारी सासऱ्यांनी मला चांगलंच शिकवलं, म्हणून लगेच लिहितेय.

माझी नणंद फिनलंडला असते. मागे आली तेव्हा तिने चार काचेचे ग्लास आणले. बाहेरून बर्फ गोठल्यासारखे खडबडीत, आणि इतके सुंदर की मी ते शोकेसमध्ये ठेवले. कुणाला हात लावू दिला नाही.

आज बाबांनी त्यातलाच एक काढून पाणी भरलं. पेणला जन्मभर गणपती घडवलेला माणूस. पण आता हात थरथरतात, म्हणून आम्ही त्यांना प्लास्टिकचा पेला देतो. मी ओरडलेच, "बाबा, फुटेल तो!"

"नाय फुटत गो," ते काचेवरून बोटं फिरवत म्हणाले. "हा साच्यातला हाय. साचा लाकडाचा असणार, सालीचे वण उठलेत बघ. बोटं बरोबर बसतात, निसटत नाय. ज्यानं केला, त्यानं आधी हातात धरून बघितलाय."

आणि सगळं पाणी प्यायले. एक थेंब सांडला नाही.

मी नणंदेला फोन लावला. साचा लाकडाचाच निघाला. वर ती म्हणाली, "अगं वहिनी, इथे रोज त्यातच पाणी पितात. मी काय ते बघत बसायला आणले?"

आता चारही ग्लास जेवणाच्या टेबलावर आहेत. एखादा फुटेलही. फुटू दे. बाबा आज आमच्यासारखेच काचेच्या ग्लासातून पाणी प्यायले, मला ते जास्त मोलाचं वाटतं.

तुम्ही घरातली कुठली सुंदर वस्तू अजून वापरायला काढलेली नाही?